न्यूट्रलला खडखड, क्लच दाबला की गप्प: आवाज कुठला आणि पार्ट कसा मिळवायचा?

दोनचाकी

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय. अर्धवट माहितीवर कुणालाच नीट सांगता येणार नाही.

गाडी १२५ सीसी, एक सिलिंडर, एअर-कूल्ड, पाच गियर. क्लच नेहमीचाच, ऑइलमध्ये चालणारा मल्टिप्लेट. मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली. इंजिन गरम झालं की न्यूट्रलमध्ये उजव्या बाजूने खडखड येते, पत्र्याच्या डब्यात सुटे नट हलवावेत तशी. क्लच दाबला की जवळजवळ बंद, सोडला की पुन्हा सुरू. थोडी रेस दिली तरी दबते. क्लच घसरत नाही, पिकअप ठीक आहे, गियर व्यवस्थित पडतात.

गॅरेजमध्ये नुसतं ऐकून 'प्लेटा गेल्या' असं निदान झालं. प्लेटांचा सेट बदलला, आवाज होता तसाच. आता अख्खं हाउसिंग (ज्या डब्यात क्लच प्लेटा बसतात तो) बदला म्हणतात, पण ते कुठे मिळत नाही. इंजिन पुन्हा खोलण्याआधी दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आवाज नेमका कशाचा ते घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि बंद पडलेल्या मॉडेलचा पार्ट शोधायची नीट पद्धत काय? गाडी मनापासून आवडते, काढून टाकायची नाही.

आटेपाना

सगळ्यात आधी, क्लच प्लेटा सहसा आवाज करत नाहीत, त्या घसरतात. प्लेटा झिजल्या की रेस वाढते पण वेग वाढत नाही, चढाला जळका वास येतो, लिव्हर अगदी शेवटपर्यंत सोडल्यावर गाडी धरते. वाकलेल्या किंवा करपलेल्या प्लेटा गाडी उचलताना थरथर देतात. तुमच्याकडे यातलं एकही लक्षण नव्हतं. उभ्या गाडीत, काही ताण नसताना येणाऱ्या खडखडीत प्लेटांचा हात फार कमी असतो. प्लेटा सगळीकडे मिळतात आणि बदलायला सोप्या, म्हणून पहिला नंबर त्यांचा लागतो, एवढंच.

आता कोणत्या वेळी काय फिरतं ते बघा, निदान त्यातच आहे. क्रँकवरचा छोटा प्रायमरी गियर क्लच हाउसिंगवरच्या मोठ्या गियरला फिरवतो. इंजिन चालू आहे तोवर हाउसिंग फिरणारच, लिव्हर कसाही असो. लिव्हर सोडलेला असताना प्लेटा, हब (प्लेटांच्या मधोमध बसलेला, शाफ्टला जोडलेला भाग) आणि गियरबॉक्सचा मेन शाफ्ट हे सगळं हाउसिंगबरोबर फिरतं, न्यूट्रल असलं तरी. लिव्हर दाबला की हब सुटतो. पण न्यूट्रलला तो लगेच थांबत नाही, ऑइलच्या ओढीने मंद फिरत राहतो. म्हणून 'क्लच दाबला की आवाज जातो' एवढ्यावर निर्णय घेऊ नका. तो गियरबॉक्सच्या बेअरिंगचाही असू शकतो आणि हाउसिंगचाही.

असं करा. गाडी मेन स्टँडवर, इंजिन चांगलं गरम. न्यूट्रल, लिव्हर मोकळा: ऐका. लिव्हर दाबा: ऐका. दाबूनच ठेवा, पहिला गियर टाका आणि मागचा ब्रेक धरा. आता चाक थांबलंय, म्हणजे मेन शाफ्टही पूर्ण थांबला. या अवस्थेत आवाज राहिला तर तो प्रायमरी गियर, हाउसिंगचा बुश (हाउसिंग शाफ्टवर ज्या नळीवर फिरतं ती) किंवा रिलीज बेअरिंग यांच्याकडचा. पूर्ण गेला तर न्यूट्रलला परत या आणि आयडलिंग हळूहळू वाढवा. खडखड विरत गेली तर संशय हाउसिंगच्या डँपर, म्हणजे झटके पचवणाऱ्या स्प्रिंगांवर. आवाज रेसबरोबर वाढत गेला, खडखडीची घरघर झाली, तर मेन शाफ्टचं बेअरिंग.

उलट प्रकारही असतो. लिव्हर दाबल्यावरच कुरकुर किंवा शिट्टी सुरू होते. तिथे पहिला संशय प्लेटा दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या मध्यात बसलेल्या छोट्या रिलीज बेअरिंगवर. लिव्हर दाबल्याशिवाय त्याच्यावर भारच येत नाही.

रानवाट

आटेपाना यांच्याशी सहमत. एक भर घालते, कारण माझ्या गाडीत अशाच आवाजाचं मूळ क्लचमध्ये नव्हतंच.

बऱ्याच छोट्या इंजिनांत किकची गियरमाळ क्लच हाउसिंगच्या गियरलाच जोडलेली असते. किकचा रॅचेट पूर्ण मागे सरकला नाही, तर इंजिन चालू असताना तो दात घासत राहतो आणि टरटर क्लचमधून आल्यासारखी वाटते. इंजिन चालू ठेवून किकच्या दांडीवर हात ठेवा. दांडी थरथरत असेल, किंवा हाताने वर ढकलल्यावर आवाज बदलत असेल, तर किकची स्प्रिंग आणि रॅचेटचा थांबा आधी बघा. खाली दाबू मात्र नका, चालू इंजिनात रॅचेट दातात गुंतेल.

सायलेन्सरवरचा पत्रा, साइड कव्हरचे बोल्ट आणि इंजिन माउंटिंगही तपासा. ढिला पत्रा आयडलिंगला हुबेहूब इंजिनातल्यासारखा वाजतो. कापडाची घडी घेऊन पत्रा दाबून धरला की लगेच कळतं.

वंगणवेडा

ऑइल कोणतं घातलंय? आणि आयडलिंग किती आहे?

दोनचाकी

सगळ्यांचे आभार. आज सगळं करून बघितलं.

किकची दांडी शांत आहे. पत्रा, बोल्ट घट्ट. लिव्हर दाबून पहिला गियर टाकला की आवाज शंभर टक्के बंद. न्यूट्रलला आयडलिंग वाढवत नेलं तर खडखड कमी होत गेली, घरघर कुठेच नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कव्हरवर आणि मूठ कानाशी धरून ऐकलं. क्लच कव्हरच्या मध्यावर सर्वात मोठा आवाज, टॅपेटकडे (वर, व्हॉल्व्हच्या बाजूला) फक्त नेहमीची टिकटिक.

मॅन्युअलमध्ये आयडलिंग मिनिटाला १४०० फेऱ्या आहे, माझं जेमतेम ११०० निघालं. ऑइल २०डब्ल्यू-५० घातलेलं आहे, मॅन्युअल १०डब्ल्यू-३० सांगतं. जाड ऑइलने आवाज कमी होईल असं गॅरेजमध्ये सांगितलं होतं.

वंगणवेडा

जाड ऑइलने खडखड थोडी दबते, कारण दातांमधली फट जाड थराने भरते. पण सकाळी थंड इंजिनात तेच ऑइल प्लेटा एकमेकींना चिकटवून ठेवतं आणि पहिला गियर धाडकन पडतो. कंपनीने दिलेल्या ग्रेडवर परत या. निदान करताना तर नक्कीच, नाहीतर आवाज ऑइलखाली लपतो.

डब्यावर जेएएसओ (जपानी वाहन मानक संस्था) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून ऑइल प्लेटांना पुरेशी पकड देतं का याची ही चाचणी १९९८ साली आली. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे भाग पडले, त्यात एमए२ची पकड जास्त. एमबी लिहिलेलं ऑइल अशा क्लचला घालू नका. ते कमी घर्षणाचं, स्कूटरच्या कोरड्या क्लचसाठी. इंधन बचतीचा शिक्का असलेलं कारचं पातळ ऑइलही नको.

आणि ११०० म्हणजे फारच कमी. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, मधल्या वेळात क्रँक मंदावतो. आयडलिंग जितकं कमी, तितके हे झटके मोठे. प्रत्येक झटक्याला प्रायमरी गियरचे दात एकदा या बाजूला आदळतात, एकदा त्या. हे झटके पचवण्यासाठीच हाउसिंग आणि त्याचा गियर यांच्यामध्ये डँपर स्प्रिंगा किंवा रबर असतात. आधी आयडलिंग १४०० करा. काही गाड्यांत एवढ्यावरच प्रश्न सुटतो.

दोनचाकी

१४०० केलं, ऑइलही बदललं. खडखड निम्मी झाली, गेली नाही. म्हणजे खोलायलाच हवं. या वेळी मी स्वतः खोलणार आहे. काय काय बघू?

आटेपाना

छान. जुनं ऑइल फेकलं नसेल तर आधी ते आणि ऑइलची जाळी बघा. तळाशी चमकदार कण असतील तर लोहचुंबक लावा. चिकटले तर स्टील, म्हणजे गियर किंवा बेअरिंग. चमकतात पण चिकटत नाहीत तर अॅल्युमिनियम, बहुतेक वेळा हाउसिंगच्या बोटांचं (प्लेटांचे कान ज्यांच्या मधे बसतात त्या उभ्या पट्ट्या). काळपट-तपकिरी चुरा प्लेटांच्या अस्तराचा.

कव्हर काढताना प्रत्येक बोल्ट कुठला ते पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यात खोचून ठेवा, लांबी सारखी नसते. पॅकिंग नवीन आणून ठेवा, जुनं परत वापरू नका. सिलिकॉन थापू नका. आत आलेला जादा पापुद्रा सुटून ऑइलच्या जाळीत अडकतो आणि मग प्रश्न क्लचपुरता राहत नाही. क्लच स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे ढिले करा. एकदम एक काढला तर प्रेशर प्लेट तिरकी होऊन कडा तुटते.

प्रेशर प्लेटमधलं बेअरिंग बोटाने फिरवा. खरखर किंवा अडखळ लागली की बदला. प्लेटा काढताना ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडा, फोटो काढा. काही इंजिनांत सर्वात बाहेरच्या प्लेटेचे कान वेगळ्या, उथळ खाचेत बसतात, आणि आत एक पातळ वाकडी रिंग असते. ती उलटी बसली की गाडी उचलताना थरथरते. प्लेटा नव्या आहेत, तरी जाडी व्हर्नियरने मोजा. स्टीलच्या प्लेटा काचेवर सपाट ठेवून कडेला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवा. बऱ्याच छोट्या गाड्यांत वाकण्याची मर्यादा ०.२ मिमीच्या आसपास असते, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम.

मग हब. तो मधल्या नटने किंवा सर्कलिपने धरलेला असतो. नट असेल तर हब धरायचं खास टूल घ्या. छिन्नी-हातोडीने नट फिरवू नका, मेन शाफ्टचं बेअरिंग विनाकारण मार खातं. हबच्या मागचा जाड वॉशर हरवू नका, हाउसिंगची पुढे-मागे होणारी चाल तोच ठरवतो.

हाउसिंग हातात आलं की खरी परीक्षा. मोठा गियर एका हाताने घट्ट धरा, दुसऱ्या हाताने हाउसिंगची बोटं पकडून दोन्ही बाजूंना पिळा. चांगल्या हाउसिंगमध्ये पिळताना स्प्रिंगचा विरोध लगेच जाणवतो. आधी मोकळी चाल आणि मग 'टक' असं होत असेल, तर तुमची खडखड हातात आहे. शाफ्टवर परत सरकवून डोलवून बघा, बुश झिजला असेल तर इथे कळेल. शेवटी बोटांच्या आतल्या कडांवरून नख फिरवा. प्लेटांच्या कानांनी पाडलेल्या खाचा अगदी उथळ असतील तर बारीक कानशीने साफ होतात. खोल असतील तर कानशीने खाचच रुंद होते आणि आवाज वाढतो.

क्रँकच्या टोकाचा नट तपासायला विसरू नका. तिथे प्रायमरी गियर आणि बऱ्याच गाड्यांत फिरता ऑइल फिल्टर असतो. तो ढिला असेल तर बाकी सगळं बदलूनही टकटक राहते.

दोनचाकी

खोललं! जाळीत अॅल्युमिनियमचे बारीक कण सापडले, चुंबकाला काहीच चिकटलं नाही.

रिलीज बेअरिंग गुळगुळीत. क्रँकचा नट घट्ट. बुश ठीक, डोल नाही. आणि गियर धरून हाउसिंग पिळलं तर अगदी तुम्ही लिहिलंय तसं, आधी सैल फिरतं, मग टक. उलट्या बाजूलाही टक. चार डँपर स्प्रिंगांपैकी दोन नखाने ढकलल्या तरी आपल्या घरात फिरतात. ज्या खिडकीत त्या बसतात तिच्या दोन्ही टोकांना अॅल्युमिनियम चमकतंय, अंडाकृती झालंय. मागच्या पत्र्याचे तीनही रिव्हेट जागेवर आहेत, पण एकाच्या भोवती काळी रेघ आहे. बोटांवर खाचा आहेत, नख अडकतं.

ओळखीच्या लेथवाल्याने सांगितलं, रिव्हेट ड्रिल करून काढू, जाड स्प्रिंगा घालू आणि नवे रिव्हेट मारू. करावं का?

कानसकाम

मी हे काम करतो, म्हणून सांगतो. रिव्हेट बदलता येतात. पण स्प्रिंगेची खिडकीच अंडाकृती झाली असेल तर नवी स्प्रिंगही तिथे खेळणार. जाड स्प्रिंग घातली तर झटका पचवायची जागा कमी होते, तोच झटका मग प्रायमरी गियरच्या दातांवर जातो. शिवाय रिव्हेटचं डोकं मूळच्यापेक्षा उंच राहिलं तर मागे केसला घासतं. वेल्डिंगचा तर विचारही करू नका. प्रायमरी गियरचं ३.३ गुणोत्तर धरलं तर इंजिन ९००० फेऱ्यांवर असताना हाउसिंग मिनिटाला सुमारे २७०० फेऱ्या मारतं, आणि हाउसिंगमध्ये उष्णतेने आलेला वाक कशानेही सरळ होत नाही. खिडक्या चांगल्या असत्या तर मीच हो म्हटलं असतं. तुमच्या वर्णनावरून हे हाउसिंग संपलेलं आहे.

सुटेभाग

आता माझ्या आवडीचा भाग. बंद मॉडेलचा पार्ट मिळत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा 'त्या नावाने विचारल्यावर मिळत नाही' एवढाच असतो. क्लच हाउसिंग कंपनी एका मॉडेलपुरतं बनवत नाही. तोच भाग त्या इंजिनाच्या चार भावंडांत बसवलेला असतो. म्हणून गाडीचं नाव सोडा आणि पार्ट नंबर धरा.

फ्रेम नंबर आणि इंजिन नंबर उतरवून घ्या, त्यावरून पार्ट कॅटलॉगमधलं क्लचचं चित्र काढा. नंबर वाचायला शिकलात तर शोध फार सोपा होतो. होंडाच्या नंबरात पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात, पुढचे तीन तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते. २२१०० म्हणजे क्लच हाउसिंग, २२२०१ अस्तराची प्लेट, २२३२१ स्टीलची प्लेट, २२४०१ स्प्रिंग. मधले तीन तुमच्या मॉडेलचे नसतील तर आनंद माना: भाग दुसऱ्या गाडीतून उचललेला आहे, म्हणजे ती गाडीही तुमच्या शोधात आली. यामाहात उलटं, आधी मॉडेलचे तीन आणि मग भागाचे पाच. १६३२१ ही अस्तराची प्लेट, १६१५० हे गियरसकट हाउसिंग. सुझुकीत गियरसकट हाउसिंग २१२०० ने सुरू होतं. तिथे कॅटलॉगमध्ये अस्तराच्या प्लेटेला 'ड्राइव्ह' आणि स्टीलच्या प्लेटेला 'ड्रिव्हन' म्हणतात, मागवताना नीट बघा.

जुना नंबर बंद करून कंपनीने नवा दिलेला असतो, हेही कायम तपासा. जुन्या नंबराने 'उपलब्ध नाही' येतं आणि नव्या नंबराने तोच भाग हजर असतो.

नंबर जुळला तरी मोजमाप करा. हाउसिंगसाठी मोठ्या गियरचे दात मोजा, एका दातावर मार्करची खूण करून. क्रँकवरच्या गियरचेही मोजा. दात सरळ आहेत की तिरके ते बघा, तिरके असतील तर कुठल्या बाजूला झुकलेत तेही. एकाच घराण्यातल्या दोन इंजिनांत दातांचा एखाद-दुसरा फरक असतो आणि बाकी सगळं तंतोतंत सारखं दिसतं. मग बुशचा आतला व्यास, बोटांची संख्या, बोटांची खोली. एकात चार प्लेटा आणि दुसऱ्यात पाच असतील तर खोली बदलते. किकचा गियर हाउसिंगच्या मागे असेल तर त्याचेही दात मोजा.

बेअरिंग मात्र गाडीच्या नावाने शोधूच नका. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. शेवटचे दोन आकडे आतला व्यास सांगतात: ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचाने गुणा. ६००४ म्हणजे २० मिमी आतून, ४२ बाहेरून, १२ रुंद, जगात कुठेही. नंबरामागे सी३ लिहिलेलं असेल तर तेच घ्या, त्यात आतली मोकळीक जास्त असते. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते.

जुन्या इंजिनातून काढलेलं हाउसिंग मिळालं तर वाईट नाही, पण वर आटेपाना यांनी सांगितलेली पिळून बघायची परीक्षा घेतल्याशिवाय घेऊ नका. फोटोवर घेत असाल तर बोटांच्या आतल्या कडांचा आणि मागच्या रिव्हेटांचा जवळून काढलेला फोटो मागा. जो विक्रेता फक्त समोरून चकचकीत फोटो देतो, त्याच्याकडून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रानवाट

सुटेभाग, हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे. एक विचारू? क्लच स्प्रिंगा जास्त कडक घातल्या तर चालतात का? सेटबरोबर तशा मिळतात.

सुटेभाग

क्लच घसरत नसेल तर काही उपयोग नाही. लिव्हर जड होतो, केबलवर आणि त्याच छोट्या रिलीज बेअरिंगवर भार वाढतो. मूळ लांबीच्या घ्या, आणि एक-दोन नाही, सगळ्या एकदम बदला.

दोनचाकी

मिळालं! माझा नंबर खरंच बंद झालेला होता आणि त्याच्या जागी दुसरा आलेला होता. तो भाग अजून चालू असलेल्या एका मॉडेलमध्ये लागतो. दात मोजले, तिरकेपणा बघितला, बुश मोजला. सगळं जुळलं.

बसवण्याआधी प्लेटा ऑइलमध्ये भिजवून ठेवल्या, बोल्ट टॉर्क पान्याने आवळले, लिव्हरच्या टोकाला मॅन्युअलप्रमाणे १० ते २० मिमी मोकळी चाल ठेवली. न्यूट्रलची खडखड पूर्ण गेली. कव्हरवर स्क्रू-ड्रायव्हर लावला तरी येत नाही.

पण आता एक बारीक गुंईं असा आवाज येतो, मधल्या वेगाला, फक्त एक्सलरेटर देताना. सोडला की जातो. काळजीचं आहे का?

आटेपाना

नवा गियर जुन्या गियरवर चालतोय, म्हणून. क्रँकवरच्या गियरचे दात जुन्या जोडीदाराच्या आकाराने झिजलेले आहेत, आता नव्या दातांशी त्यांची बैठक जमेपर्यंत भाराखाली शिट्टी येते. तुमची खडखड वेगळी होती, ती भार नसताना येत होती. आता आवाज भारालाच येतोय, हे चांगलं लक्षण आहे.

सुरुवातीचं ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदला आणि पुन्हा चुंबक फिरवा. अगदी बारीक स्टीलची भुकटी चालेल, चकत्या किंवा टोकदार कण नकोत. आवाज हळूहळू कमी होत गेला तर सोडून द्या. वाढत गेला, किंवा एक्सलरेटर सोडल्यावरही येऊ लागला, तर कव्हर उघडून क्रँकवरच्या गियरच्या दातांवर खड्डे पडलेत का बघा. पडले असतील तर तो गियरही बदलावा लागेल. त्याचा नंबर आत्ताच काढून ठेवा, हाउसिंग ज्या मॉडेलमधून आलं त्याच कॅटलॉगमध्ये मिळेल.

दोनचाकी

काढला. त्याच पानावर आहे आणि उपलब्धही दिसतोय. ऑइल बदललं की इथेच कळवतो.